टोचनकाकी

टोचनकाकी आधी माणसाच्या तोंडाकडे बघत नसे. ती गाडीच्या पाठीमागे जायची, पदर कमरेला खोचून उकिडवी बसायची आणि हूक जिथे जोडलेला असतो तिथे अंगठा घालून तो हलवून बघायची. मग उठून हात पुसत विचारायची, "ओढनारा कोन हाय?" आपलं नाव, गाव, कुणाच्या ओळखीने आलो, हे सगळं त्यानंतर. ओढणारा ट्रॅक्टर केवढा, त्याचे ब्रेक कधी बघितलेत, जायच्या रस्त्याला उतार किती, एवढं कळल्याशिवाय ती चहासुद्धा विचारत नसे.

आमच्याकडे एका गाडीने दुसरी ओढून न्यायची म्हणजे टोचन. काकीच्या नवऱ्याचं आटगावला हायवेलगत ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप होतं. पत्र्याची शेड, पुढे जांभळाचं झाड, झाडाखाली गंजलेले ॲक्सल. नवरा गेल्यावर ती शेड बंद होईल असं सगळ्यांनी धरलं होतं. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उंबरमाळीहून ही बाई डबा घेऊन आली, नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा खाकी शर्ट साडीवर चढवला, डोळ्यांवर काळा चष्मा लावला आणि अर्धी राहिलेली ट्रॉली पुरी करायला बसली. नवऱ्याच्या हाताखाली ती वीस वर्षं वेल्डिंग करत होती, हे गिऱ्हाइकांना तेव्हा कळलं. तोपर्यंत सगळ्यांना वाटे, ती डबा द्यायला येते.

नवरा कसा गेला ते ती एकदाच मला बोलली, तेही काम करता करता. उंबरमाळीच्या चढावर दुसऱ्या कुणाची तरी दगडांनी भरलेली ट्रॉली हूक तुटून सुटली, उलटी घरंगळत आली आणि मागे सायकलवर असलेल्या माणसाला घेऊन गेली. "हूक तुटला तर तुटला," ती म्हणाली. "लोखंड हाय, तुटतं. पन त्याच्या मागं साखली पायजे. ती नव्हती." तेव्हापासून तिच्या शेडमधून एकही ट्रॉली दोन साखळ्यांशिवाय बाहेर पडली नाही. हुकाच्या दोन्ही बाजूंनी, एकमेकींना फुलीसारख्या ओलांडून लावलेल्या. शेवटच्या कडीवर ती खूण करायचा पंच ठेवून हातोडीने तीन ठिपके ठोकायची. तिला लिहितावाचता येत होतं, नावही कोरता आलं असतं. पण ती म्हणे, "नाव कशाला? ज्याला बघायचं तो वलखंल."

माझी तिची ओळख झाली ती भाताच्या ट्रॉलीमुळे. कल्याणच्या कंपनीतली माझी नोकरी सुटायच्या बेतात होती, आणि धसईची शेती मी नव्याने बघायला लागलो होतो. ट्रॉली सांगायला गेलो तर तिने मला दोनदा परत पाठवलं. एकदा ट्रॅक्टरचे ब्रेक नीट करून आण म्हणून आणि एकदा आमच्या शेताकडच्या उतरणीवर पावसात चाक सरतं का ते बघून ये म्हणून. मी वैतागून म्हटलं, "काकी, गिऱ्हाईक आहे मी." ती हसली. "म्हनूनच रे. गिऱ्हाईक जित्तं राहिलं तर परत येतं."

वजनाचं तिला वेडच होतं म्हणा. शेडच्या कोपऱ्यात धान्याचा जुना काटा होता, पोती तोलायचा. भरलेल्या ट्रॉलीची पुढची लांब दांडी, जी हुकात अडकते, ती या काट्यावर टेकवून ती बघायची की दांडी खाली किती दाबतेय. फार दाबली तर ओढणाऱ्याची पुढची चाकं हलकी होतात आणि वळताना ऐकत नाहीत. फारच कमी दाबली तर त्याहून वाईट. एका बँडवाल्याने जनरेटरची गाडी आणली होती. जनरेटर एकदम मागच्या टोकाला, आणि दांडी नुसत्या हाताने वर उचलली जात होती. काकीने बँडवाल्याला दांडी धरायला लावली आणि स्वतः मागच्या फळीवर एक पाय ठेवला. बँडवाला दांडीसकट वर लोंबकळला. "बग," ती म्हणाली, "उतारावं हे असंच व्हनार. पुढं हलकं झालं का शेपूट गाडी चालवतं, डायवर नाय." बँडवाल्याने तिथल्या तिथे जनरेटर पुढे सरकवून घेतला. ही गोष्ट मी कितीतरी जणांना हसत हसत सांगितली आहे. मी ती नुसती सांगितली.

नोकरी खरोखरच सुटली, आणि माझा मेहुणा संदीप कॅराव्हॅनची कल्पना घेऊन आला. माळशेजला पावसाळ्यात आणि नंतरही माणसं येतात, राहायला नीट जागा मिळत नाही. आपण एक चाकावरचं घर घ्यायचं, आत पलंग, गॅसची शेगडी, संडास-बाथरूम. धसईला शेतावर उभं करायचं, आणि कुणाला घाटमाथ्यावर दोन दिवस राहायचं असेल तर ओढून वर न्यायचं. संदीप बोलायला हुशार. माझ्या बायकोचा तो एकुलता भाऊ. मला त्या दिवसांत घरात बसणं सहन होत नव्हतं. मी हो म्हणालो, पण आधी काकीला विचारू, एवढं मात्र म्हणालो.

काकीने आयुष्यात कॅराव्हॅन पाहिली नव्हती. संदीपने मोबाइलवर दोन फोटो दाखवले. एक लहान, एका ॲक्सलची, चौदा फुटी. दुसरी बावीस फुटी, मागे दोन ॲक्सल, आत दोन खोल्या म्हणाव्यात अशी. तिने फोटो जवळ धरून, लांब धरून पाहिले. आतला पलंग, पडदे, दिवे यांत तिला काही रस नव्हता. तिने विचारलं, मोठीचं रिकामं वजन किती? भरल्यावर किती? पाण्याची टाकी कुठं हाय? गॅस कुठं? मागच्या चाकांना स्वतःचा ब्रेक हाय का? आणि ओढनार कशानं?

संदीपने आपल्या गाडीकडे बोट केलं. चांगली उंच, सात माणसांची गाडी होती.

काकीने खडूने जमिनीवर दोन चौकोन काढले. "ही तुजी गाडी. अठराशे किलो धर. ही मोठी, रिकामी अठराशे. पानी, गाद्या, भांडी, गॅस, मान्सांच्या बॅगा घातल्या का तेवीसशेच्या वर. म्हंजे ओढनारा हलका नि मागचा जड. चढाला इंजिन रडत रडत न्हेईल. पन उताराला कोन कोनाला ओढतंय?" तिने मागच्या चौकोनाकडून पुढच्याकडे बाण काढला. "मागचाच पुढच्याला ढकलंल. लहान घे. लहान तुज्या गाडीला झेपंल."

"लहानीत संडास नाही, काकी," संदीप म्हणाला. "मुंबईची फॅमिली येणार. तिला नको का?"

"मग ओढनारा मोठा घे. आधी ओढनारा बग, मंग ओढायचं बग. तुमी सगले उलटं करतां."

परत येताना संदीप गाडीत बराच वेळ हसत होता. बाईला फोटोतला पलंग दिसलाच नाही म्हणून. मीही हसलो. पंधरा दिवसांनी आम्ही मोठीच घेतली. वापरलेली होती, पण बाहेरून झकास. पांढरी, बाजूने निळा पट्टा. घेताना विकणाऱ्याने सांगितलं होतं की मागच्या चाकांचे ब्रेक जाम आहेत, करून घ्या. आम्ही करून घेणार होतो.

ट्रकवर घालून आणताना आम्ही ती थेट आटगावला नेली, संदीपच्या गाडीला हूक काकीकडूनच बसवावा म्हणून. काकीने तिला हायवेच्या वजनकाट्यावर न्यायला लावलं. नुसत्या पत्र्याचं आणि फळ्यांचं वजन तिने सांगितल्यापेक्षा जास्तच भरलं. ती खाली वाकून चाकांत घुसली, तासभर बघत राहिली, आणि बाहेर येऊन म्हणाली, "ब्रेक चालत नाय. आधी ते करा. मंग मोठी गाडी बघा, नायतर भाड्यानं ट्रॅक्टर लावा आनि हलू हलू न्या. ह्या गाडीला मी हूक लावनार नाय."

"म्हणजे?" संदीप म्हणाला.

"म्हंजे लावनार नाय."

"काकी, हूक बसवायचं काम तुमचं. घाटात काय करायचं ते आम्ही बघू."

"ह्यो माजा हूक घाटात जानार ना? मंग ते बी मीच बगनार."

संदीपचा आवाज चढला. म्हणाला, "बाई, तुम्ही भाताच्या ट्रॉल्या करा. हे तुमच्या डोक्याबाहेरचं काम आहे." शेडमध्ये त्या वेळी तीन-चार गिऱ्हाइकं होती. काकीने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असेल, हा काहीतरी बोलेल. मी वजनकाट्याच्या पावतीची घडी घालत होतो. ती घडी मी फार नीट घातली.

कल्याणच्या बाजूला एका शेडमध्ये संदीपला हूक बसवून मिळाला. तिथल्या वेल्डरने गाडीचं वजन विचारलं नाही, मागच्याचं विचारलं नाही. दोन तासांत काम झालं. पावती नाही, काही नाही.

पहिल्या खेपेच्या आदल्या दिवशी दुपारी काकी धसईला आली. शहापूर-मुरबाड एसटीने आणि तिथून दुसऱ्या एसटीने, खांद्यावर पोतं. पोत्यात दोन साखळ्या. आमच्या गावातला कुणी तिच्याकडे ट्रॉली दुरुस्तीला गेला होता, त्याने आमच्या खेपेचं तिला सांगितलं होतं. मला म्हणाली, "तुमी ऐकनार नाय ते कललं मला. साखली तरी घ्या." अंगणात उन्हात बसून तिने त्या दोन्ही साखळ्या फुलीसारख्या लावल्या. हूक बघून तिने नुसतं तोंडाने चक् केलं. वेल्डिंगवर बोट फिरवत म्हणाली, "वरवर धरलंय. आत नाय गेलं."

मग ती कॅराव्हॅनच्या आत गेली. जनरेटर आणि पाण्याची जादा टाकी सगळ्यात मागे, संडासाच्या भिंतीला लावलेली होती. तिने आम्हा दोघांना लावून ती पुढे, चाकांच्या वर सरकवून घेतली. बायकोने तिला जेवायला वाढलं. जेवून ती साडेतीनच्या एसटीने गेली. जाताना संदीपला म्हणाली, "उतारावं दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ नको. मागून हलाया लागलं तर ब्रेक मारू नको, गाडी नुसती ढिली सोड." मग मला म्हणाली, "सुरेश, तू बाजूला बस त्याच्या."

ती गेली आणि संदीपने जनरेटर परत मागे नेला, कारण पुढे तो पलंगाच्या वाटेत येत होता आणि फॅमिलीची गैरसोय झाली असती. ढकलायला मीच हात लावला. हे मी पुढे तीन वर्षं कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

घाट चढताना गाडी खरंच रडत रडत गेली. वर दोन दिवस फॅमिली खूश होती. त्यांनी फोटो काढले, पुढच्या महिन्याचं ठरवलं. ती माणसं त्यांच्या गाडीने गेली, आणि आम्ही रिकामी कॅराव्हॅन घेऊन सकाळी साडेदहाच्या सुमाराला खाली निघालो. संदीप आनंदात होता, गिअर तिसरा होता. दुसऱ्या की तिसऱ्या वळणानंतर मला पाठीत एक हेलकावा लागला, झोपाळ्यावर कुणी मागून हलवावं तसा. आरशात पांढरी भिंत एकदा डावीकडून दिसली, एकदा उजवीकडून. मी म्हणालो, "संदीप, ब्रेक मारू नको." त्याने ब्रेक मारला.

समोरून एक मोटरसायकल येत होती, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. कॅराव्हॅनचं शेपूट आडवं फिरलं आणि मोटरसायकल दिसेनाशी झाली. मग मोठा कडकडाट झाला. हूक मुळापासून तुटला होता. तरी कॅराव्हॅन दरीत गेली नाही, खालून चढत येणाऱ्या एसटीवरही गेली नाही. कठड्याला टेकून, दोन साखळ्यांना लोंबकळत उभी राहिली. रस्ताभर दूध होतं. दूधवाला काशिनाथ टोकावड्याच्या पुढच्या एका पाड्यावरचा. त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला.

पंचनामा करताना हवालदाराला साखळीच्या शेवटच्या कडीवर तीन ठिपके दिसले. ते कुणाचे हे शहापूर-मुरबाडात विचारायची गरज नव्हती. "हे काम आटगावच्या बाईचं," तोच म्हणाला. संदीप पटकन म्हणाला, "हो. तिनेच सगळं बसवून दिलं. काल-परवाच आली होती घरी." मग हवालदाराने मला विचारलं, "हूकही त्यांनीच?"

मी रस्त्यावर बसलो होतो. बूट दुधाने भिजले होते. संदीप माझ्याकडे बघत होता. त्याची बायको सात महिन्यांची गरोदर होती, आणि घरी माझी बायको देवापुढे बसलेली असेल हे मला माहीत होतं. ही कारणं आहेत. त्यांपैकी एकही कारण त्या क्षणी माझ्या मनात आलं होतं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मी घाबरलो होतो, एवढंच खरं. मी म्हणालो, "हो." नंतर तेच कागदावर लिहिलं गेलं आणि मी सही केली.

काकीला पोलीस स्टेशनला बोलावलं. तिने सांगितलं, "साखली माजी हाय. हूक माजा नाय." दोनदा, तीनदा तेच सांगितलं. साखळी कबूल केल्यावर हूक नाकारण्यात काय अर्थ, असं विचारणाऱ्याला वाटलं असणार. पोलीस यायच्या आधी कुणी साखळी काढून बाजूला ठेवली असती, ठिपके घासून टाकले असते, तर तिचं नावही निघालं नसतं. पण साखळी तर आम्हाला धरून होती. पुढे पुराव्याअभावी तिचं नाव प्रकरणातून गळालं. ते गळाल्याचं कुणी गावोगाव सांगत फिरलं नाही. ट्रॅक्टरवाले आपसांत बोलायचे, बाईमाणसाचं वेल्डिंग, शेवटी काय होणार. ज्यांच्या ट्रॉल्या पंधरा वर्षं तिच्या हुकावर चालल्या, तेच बोलायचे. एकेक करून ते भिवंडीकडे जायला लागले.

मी आटगाव टाळायला लागलो. शहापूरला काम निघालं तर किन्हवलीवरून जायचो आणि तसाच परत यायचो. तरी एकदा शहापूरच्या बाजारात ती समोर आलीच. हातात बेअरिंगचं खोकं होतं. मी तिच्या शिव्या ऐकायला तयार होतो, खरं तर मला त्या हव्याच होत्या. ती म्हणाली, "काशिनाथला बगून आलास?"

मी म्हणालो, "जायचंय."

"जाऊन ये. वाट बगतं मानूस." मग खोकं उघडून मला दाखवायला लागली, जणू काही मधे घडलंच नव्हतं. काशिनाथसाठी ती जुनी स्कूटर घेऊन तिला मागे दोन जादा चाकं जोडत होती. कॅन ठेवायला मधे कप्पा. "त्याला काट्यावं बसवून तोलला," ती म्हणाली. "एका अंगाला वजन कमी झालंय ना त्याचं. मंग चाक त्या हिशोबानं बाहेर काढायला लागनार. नायतर वलनावर कलंडंल." तिने हे एखाद्या नव्या ट्रॉलीबद्दल सांगावं तसं सांगितलं. तिचे डोळे मात्र खोल गेले होते, आणि खाकी शर्ट अंगात फार सैल वाटत होता. मी म्हणालो, "काकी, मी..." आणि थांबलो. ती थांबून राहिली. खोकं बंद करत उभी राहिली. मी म्हणालो, "मी निघतो, एसटी चुकेल." ती म्हणाली, "बरं."

त्यानंतर मी एका वकिलाकडे गेलो, हेही सांगायला हवं. जबाब बदलायचा म्हणालो. त्याने समजावलं की आता बदलला तर आधीचा खोटा ठरेल, मेहुण्यावर येईल, तुमच्यावरही येईल. बाईंचं नाव तसंही गळालंच आहे, मग कशाला उकरता? मला हेच ऐकायचं होतं. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, वकील नको म्हणतात. तिच्या भावाला मुलगा झाला होता, तिला बारशाला जायचं होतं.

काकीने शेड बंद केली ते मला एका ट्रॅक्टरवाल्याकडून कळलं. मुलीकडे गेली, सिन्नरला. जायच्या आधी तिने धान्याचा काटा कुणाला तरी देऊन टाकला, आणि काशिनाथची गाडी स्वतः टोकावड्याला नेऊन पोचवली. मी एकदा धीर करून आटगावला गेलो तेव्हा शेडच्या जागी चहाचं हॉटेल झालं होतं. जांभळाचं झाड पार्किंगसाठी तोडलं होतं. मी चहा घेतला आणि आलो. सिन्नरचा पत्ता मी हॉटेलवाल्याला विचारू शकलो असतो. त्याला माहीत होता, कारण नंतर त्यानेच मला फोन करून सांगितलं की काकी गेली. दहावंसुद्धा होऊन गेलं होतं. ताप आला, चार दिवस अंगावर काढला, गेली. अपघाताला तेव्हा तीन वर्षं होत आली होती.

दुसऱ्या दिवशी मी काशिनाथकडे गेलो. तीन वर्षांत पहिल्यांदा. सकाळची वेळ होती, तो गोठ्यासमोर स्कूटरच्या कप्प्यात कॅन ठेवत होता. कुबडी भिंतीला टेकलेली. त्याने मला ओळखलं. बस म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.

मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. हूक काकीने बसवला नव्हता, तिने नाही म्हटलं होतं, जनरेटर तिने पुढे ठेवला होता आणि आम्ही मागे नेला, मी खोटी सही केली. सांगताना माझा आवाज फार मोठा झाला असावा, कारण त्याची बायको गोठ्यातून बाहेर आली. काशिनाथ कॅनची झाकणं दाबत होता.

"म्हाईत हाय मला," तो म्हणाला. "हूक तिचा नाय ते."

"कधीपासून?"

"पयल्यापासून. हॉस्पिटलात बगाया आली तवाच बोलली."

"मग तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

"मी सांगनार होतो. पोलिसांकडं जातो बोललो तिला. ती बोलली, थांब. सुरेश वाईट नाय, तो येऊन आपल्या तोंडानं सांगंल. तवर तू काय बोलू नको." त्याने कुबडी घेतली, स्कूटरवर बसला, कुबडी बाजूला अडकवली. "गाडी द्यायला आली तवा मी परत इचारलं, काकी, आला का तो? बोलली, येईल."

मला काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "आता आलो ना, काशिनाथ."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. रागाने नाही.

"हां, आलाव," तो म्हणाला. "तिला आता कोन सांगनार?"